ओटिलीचं तळं आणि आखूड गवत

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही. क्लाइनफेल्डच्या माणसांचा विश्वास कशाकशावर बसतो ते मी जन्मभर बघत आलोय. रेडिओवरची बाई उद्या पाऊस म्हणाली की यांचा बसतो. बियाणं विकणाऱ्यानं कंपनीची टोपी फुकट दिली की त्या टोपीखाली जे काही असेल त्यावर बसतो. पण अल्फॉन्स लायकर तोंड उघडून खरं बोलायला लागला की साऱ्या टेबलाला एकदम खोकला येतो. तर खोका. मी सांगणार आहे.

अर्बन रोलेडरच्या हॉटेलात सकाळची कॉफी चालली होती. अर्बन काउंटरमागं उभा राहून पुसलेलाच कप पुन्हा पुसत होता. खिडकीशी, आमच्याकडं पाठ करून ओटिली वासिंगर बसली होती आणि कोबी-खिम्याचे बिरॉक, म्हणजे आमच्याकडचे भरलेले पाव, वळून त्यांच्या कडा चिमटीनं मिटत होती. दुपारी अर्बन तेच विकतो आणि स्वतः केले म्हणून सांगतो.

"हे बघा," मी म्हणालो, "ज्या तळ्याची ही गोष्ट, त्याची मालकीण इथंच बसलीय. मी खोटं बोललो तर तिनं मला लाटणं फेकून मारावं."

"लाटणं धुवायला टाकलंय," ओटिली मागं न वळता म्हणाली. "तू बोल. मी नंतर बघते."

टेकडीवर ती लांबडी पत्र्याची इमारत आहे ना, जिथं आता शाळेच्या बस उभ्या करतात, तिथं तेव्हा आमचं केंद्र होतं. जमीन, पाणी आणि हवा यांचं आपापसात काय चालतं ते शोधून काढायचं केंद्र. जमीन किती पाणी पिते, त्यातलं किती घामासारखं वर सोडते, त्या वाफेचं आभाळात काय होतं, आणि आभाळ ते पाणी जमिनीला कधी परत करतं (आमच्या कॅन्ससात बहुतेक करतच नाही), हे सगळं गणितात बसवायचं. त्या गणिताला म्हणायचं मॉडेल. माझं काम, साहेबाचं म्हणणं कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत लिहून देणं. दुभाषाच तो. फरक एवढाच, की दोन्ही बाजूंना अक्कल नव्हती.

साहेब म्हणजे डॉक्टर लेलंड क्रॅनशॉ. शर्टाला कडक इस्त्री, आवाजालाही कडक इस्त्री, आणि हवामानाचा एवढा मोठा पंडित असून आयुष्यात कधी भिजलेला नाही. त्याच्या खोलीला छान मोठी खिडकी होती. बाहेर पार क्षितिजापर्यंत गहू. त्या खिडकीला त्यानं जाड काळा पडदा ठोकून घेतला होता. का, तर बाहेरचा उजेड आत आला की कॉम्प्युटरवरचं हवामान नीट दिसत नाही.

"अती करतोस," अर्बन म्हणाला.

"पडद्याचं खरं आहे," ओटिली म्हणाली. "तो मीच शिवला होता."

बघा. तर त्या मॉडेलात साऱ्या मुलखाचे चौकोन पाडलेले होते. एकेक चौकोन वीसेक मैलांचा. आणि एका चौकोनात एकच वस्तू ठेवायची असा कायदा. ज्याचा भरणा जास्त, त्याचंच नाव अख्ख्या चौकोनाला. आमच्या चौकोनाला क्रॅनशॉनं नाव दिलं होतं 'आखूड गवत'. संपलं. गाव म्हणजे गवत. चर्चचे दोन मनोरे गवत. दहा मैलांवरून दिसणारं धान्याचं कोठार, तेही गवत. फादर वेंडेलिन पवित्र असले तरी गवत. अर्बन, तूसुद्धा आखूड गवत होतास, आणि आमच्या साऱ्या संशोधनात पटण्यासारखं तेवढंच होतं.

"माझी उंची काढायची नाही."

"मी कुठं काढली? क्रॅनशॉनं काढली. घोट्याएवढी."

एकाच ठिकाणी त्याचा कायदा वाकला होता. युनिव्हर्सिटीच्या गावाबाहेर, मोकळ्या माळावर, साहेबाचा बंगला होता. त्या बंगल्यापुरता एक इवलासा खास चौकोन त्यानं मॉडेलात घालून घेतला होता. आत बंगला, अंगण, गुलाबाचे वाफे, सगळं जिथल्या तिथं. गुलाबांना पाणी कधी घालायचं ते मॉडेलनं सांगावं म्हणून. म्हणजे जिथं माणसं जन्मतात, मरतात, नांगरतात, भांडतात, त्या सगळ्या मुलखाला मिळून दोन शब्द, आणि साहेबाच्या गुलाबांची मात्र कळी न् कळी हजर. कॉम्प्युटरमध्ये असे छोटे चौकोन ठेवायला जागा तेवढी एकच होती, आणि ती त्यानं अडवून ठेवली होती.

केंद्रामागं एक उंच टॉवर होता. त्याच्यावरच्या काड्या, कटोऱ्या आणि भिरभिरी जमिनीतून किती वाफ वर येते ते मोजायच्या आणि वायरीतून आकडे आत धाडायच्या. मग कॉम्प्युटर दोन रेघा काढायचा. लाल रेघ टॉवरची, निळी रेघ मॉडेलची. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर मॉडेल शहाणं ठरलं.

त्या कधी बसल्याच नाहीत. कारण टॉवरच्या दक्षिणेला ओटिलीचं तळं, आणि उन्हाळाभर आमच्याकडं वारा दक्षिणेचा. तो तळ्यावरून ओला होऊन यायचा आणि लाल रेघ टुणकन उडी मारायची. निळी आपली आखूड गवतातून सरपटत जायची.

आता तुमच्यासारखा साधा माणूस काय म्हणाला असता? मॉडेलात तळं घाला म्हणाला असता. म्हणून तुम्हाला कुणी डॉक्टर म्हणत नाही. आमच्या धंद्याचा रिवाज असा, की मोजमाप आणि मॉडेल भांडायला लागले की आधी मोजमापाची अब्रू काढायची. टॉवर म्हातारा झालाय. टॉवरवर घुबड बसलं होतं. टॉवरचे आकडे उतरवून घेणाऱ्याला चष्मा लागलाय. हे सगळं म्हणून झालं, तरी लाल रेघ उड्या मारतच राहिली. तेव्हा क्रॅनशॉनं बराच विचार करून निकाल दिला, की चूक जमिनीची आहे.

घाई होती. केंद्राला पैसे पुरवणारी समिती ऑगस्टात पाहणीला येणार होती. रेघा जुळल्या तर क्रॅनशॉला पूर्वेकडच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत मोठी खुर्ची. नाही जुळल्या तर केंद्राला कुलूप. आणि मधे आडवं आलं होतं ओटिलीचं तळं.

तळ्याचं एवढं काय, असं बाहेरचा माणूस म्हणेल. तुम्ही म्हणणार नाही, कारण ते मासे तुम्ही खाल्लेत. त्या तळ्यात हे एवढाले मिशाळ मासे होते. ईस्टरआधीच्या उपवासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात ओटिली ते तळायची आणि सारं गाव बाकांवर खांद्याला खांदा लावून खायचं. जे एकमेकांचं तोंड बघत नसत तेही खायचे, कारण तोंडात काटे असताना भांडता येत नाही. नवरा गेबहार्ड वासिंगर वारल्यावर बाकी विधवांना गावानं ज्या कोपऱ्यात बसवलं, त्या कोपऱ्यात ओटिलीला बसवायची कुणाची छाती झाली नाही, ती त्या शुक्रवारांमुळं. तळं गेलं असतं तर गावाला देण्यासारखं तिच्याकडं काहीच उरलं नसतं. आणि तसली ओटिली मला बघायची नव्हती.

"तुला बघायला कुणी बोलावलं होतं?" ओटिलीनं विचारलं. पण तिची चिमटी क्षणभर थांबली होती, हे मी पाहिलं.

तर एके दिवशी क्रॅनशॉ तळ्यावर गेला. मला घेऊन. नवे कोरे बूट घालून. ओटिली काठावर बादली घेऊन उभी होती.

"वासिंगरबाई, हे तळं बुजवावं लागेल."

"का हो?"

"कारण ते इथं नाही."

ओटिलीनं बादली खाली ठेवली. तळ्याकडं पाहिलं, मग साहेबाकडं. "डॉक्टर, तुम्ही आत्ता कशात उभे आहात?"

साहेबानं खाली पाहिलं. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. "आखूड गवतात," तो म्हणाला.

"आणि बुटात काय शिरलंय?"

"त्रुटी."

"त्या त्रुटीला मिशा आहेत," ओटिली म्हणाली. "अंगठा आत घ्या."

साहेबानं घेतला नाही. शास्त्रज्ञ माणूस, पुराव्यावाचून अंगठा कसा हलवणार? पुरावा चावला तेव्हा तो एवढ्या जोरानं ओरडला, की पलीकडच्या रानातल्या गाईंनी चरणं थांबवलं. काठावर येऊन बूट उपडा करत म्हणाला, "मी माती टाकून देतो. वर गवताचं बी पेरून देतो. खर्च केंद्राचा."

"माझ्या तळ्यात माती टाकायला जो कुणी उतरेल," ओटिली म्हणाली, "त्याला मी मैद्यात घोळवीन."

साहेब परत आला तो दात खात. खोलीत बसला, पडदा नीट सारखा केला आणि मला म्हणाला, "अल्फॉन्स, टॉवरची वायर उलटी जोड."

"उलटी म्हणजे?"

"आजवर टॉवर बोलत होता आणि आपण ऐकत होतो. या टॉवरला शिस्त लागली पाहिजे. आता मॉडेल बोलेल, टॉवर ऐकेल. मग त्याचे आकडे चुकणार नाहीत."

म्हणजे मॉडेलचेच आकडे टॉवरात घालायचे, तेच टॉवरचे म्हणून परत काढायचे, आणि समितीपुढं लाल आणि निळी जुळवून दाखवायची. याला बाजारात लबाडी म्हणतात. आमच्याकडं याला 'सुसंगती' म्हणतात आणि त्यावर निबंध छापून येतो. मी वायर उलटी जोडली. मला काय ठाऊक, की वायरीतून जे आत येऊ शकतं ते बाहेरही जाऊ शकतं? आणि टॉवर तर उभा मोकळ्या आभाळाखाली, पाय जमिनीत रोवून. आता आभाळ आणि जमीन दोघं टॉवरचं ऐकणार होती, आणि टॉवर क्रॅनशॉचं.

समिती यायची होती त्या सकाळी साहेबानं मॉडेल घोटायला घातलं.

"घोटायला म्हणजे?" अर्बननं विचारलं.

सांगतो. मॉडेल चालू करायचं तर त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, जमिनीत ओल इतकी इतकी आहे. ती किती आहे हे पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून काहीतरी ठोकून द्यायचं. मग कुठल्यातरी एका वर्षाचं हवामान घ्यायचं आणि तेच वर्ष मॉडेलवरून फिरवत राहायचं. तोच जानेवारी, तोच जुलै, पुन्हा तोच जानेवारी. इतके वेळा, की आपण सुरुवातीला काय थाप मारली होती ते जमीन विसरून जाते आणि हलायची थांबते. थांबली की म्हणायचं, स्थिरावली. मोठमोठ्या गावांत मोठमोठे लोक हेच करतात आणि संध्याकाळी ताठ मानेनं घरी जातात.

आता वर्ष कुठलं घ्यायचं? सगळे आकडे शाबूत असलेलं वर्ष आमच्याकडं एकच होतं. बाकी दर वर्षी टॉवरवर वीज पडून निम्मे आकडे जळालेले. या एका वर्षी वीज पडली नव्हती, कारण ढग नावालाच आले होते. म्हणजे ते वर्ष सगळ्यांत कोरडं होतं. हे इतकं सोपं क्रॅनशॉच्या डोक्यात शिरायला निघालं होतं, पण वाटेत क्रॅनशॉच उभा होता.

कॉम्प्युटर चालू झाला. एक वर्ष फिरवायला त्याला अंडं उकडण्याइतका वेळ लागायचा.

पहिल्या अंड्याला मेन स्ट्रीटवर बर्फ पडलं. नगरपालिकेच्या माणसानं बर्फ ढकलायच्या गाडीचं इंजिन चालू करेपर्यंत फुटपाथवर पिवळी फुलं आली, आणि गाडी गॅरेजबाहेर निघेपर्यंत फुलांच्या म्हाताऱ्या होऊन उडाल्या. रानबदकं दक्षिणेला निघाली. धान्याच्या कोठारापाशी पोचतात न पोचतात तोच वसंत आला, म्हणून वळली. वळतात तोच पानगळ, म्हणून पुन्हा वळली. शेवटी थकून ती पोस्टाच्या पायऱ्यांवर ओळीनं बसली आणि ऋतूंना म्हणाली, तुम्ही जा पुढं.

त्या कोरड्या वर्षात जूनमध्ये गारांची एकच सर होती. ती दर फेरीला यायची, आणि दर फेरीला त्यातली सगळ्यांत मोठी गार चर्चच्या दारात फादर वेंडेलिनच्या टोपीवर पडायची. असे दोनतीन जून फादरनी सोसले. मग ते एक पाऊल बाजूला उभे राहिले. त्यापुढच्या जूनला मात्र ते लिंबाच्या सरबताचा ग्लास घेऊन आले, हात लांब करून गार त्यात झेलली आणि शांतपणे आत गेले.

"मला यातलं काहीही आठवत नाही," अर्बन म्हणाला.

"कसं आठवेल? तू झोपला होतास. उठलास तेव्हा मिशीत गवत उगवलं होतं. तू दाढीबरोबर कापून टाकलंस आणि बायकोला म्हणालास, वस्तरा बोथट झालाय."

गवत तर येणारच. मॉडेलच्या मते सगळं गवतच होतं ना? छपरांवर आलं, पायऱ्यांवर आलं, कोठाराच्या सिमेंटवर आलं. ओटिलीच्या तळ्याकाठी एक थोरलं कॉटनवुडचं झाड होतं. झाड वर्षाला एक कडं अंगावर चढवतं. याला कडी चढवायला इतकी घाई झाली, की आत सुतार कामाला लागल्यासारखा आवाज येत होता, आणि साल जाड्या माणसाच्या शर्टाच्या गुंड्यांसारखी तटातट उडत होती.

आणि तळं. दर फेरीला तळं वीतभर खाली जायचं. हिवाळा यायचा, पण भरायला पाणी नाही. उन्हाळा यायचा आणि वीतभर घेऊन जायचा. ओटिली बादल्या भरभरून मासे घरच्या न्हाणीतल्या टबात नेत होती. टब भरला. कपडे धुवायचं पिंप भरलं. सूप करायचं मोठं भांडं भरलं. तळ्याचा तळ दिसायला लागला तेव्हा ती तशीच, चिखलाच्या बुटांनी, केंद्रात शिरली.

"थांबवा हे!"

"काय थांबवू?" क्रॅनशॉ पडद्याआडच्या अंधारात बसला होता.

"वर्षं!"

"जमीन अजून स्थिरावलेली नाही. थोड्या फेऱ्या बाकी आहेत."

"तळं आटलं माझं! पडदा सारून एकदा बाहेर तरी बघा!"

"बाई," क्रॅनशॉ म्हणाला, "मीच खिडकीबाहेर बघून बोलायला लागलो, तर माझ्यात आणि शेतकऱ्यात फरक काय राहिला?"

"पीक," ओटिली म्हणाली.

साहेबाला ते कळलं नाही. समिती जेवणानंतर येणार होती, म्हणून तो टाय बदलायला गेला. तेवढ्यात कॉम्प्युटरनं घंटी वाजवली. जमीन स्थिरावली होती. ओटिलीनं जाऊन पडदा टराटरा ओढला. बाहेर तळ्याच्या जागी आखूड गवत हलत होतं.

ओटिली रडली नाही. खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर उपडे ठेवले. म्हणाली, "अल्फॉन्स, उपवासाच्या शुक्रवारी मी त्यांना काय वाढू?"

"एवढं रामायण कशाला?" अर्बननं कप आपटला. "वायर उपटायची होतीस!"

हा आला शहाणा. अरे, वायर उपटली असती तर जमीन होती तशीच राहिली असती. ती आता विसरली होती ना! तिला घोटून घोटून विसरायला लावलं होतं की इथं कधी तळं होतं. विसरलेल्याला नुसतं सोडून दिलं म्हणून आठवत नाही. त्याच तोंडानं पुन्हा सांगावं लागतं.

मी खुर्ची ओढली. मॉडेलात प्रत्येक चौकोनापुढं त्यात काय आहे ते लिहिलेलं असतं. आमच्या चौकोनापुढचं 'आखूड गवत' मी खोडलं आणि लिहिलं 'पाणी'. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

एका चौकोनात एकच वस्तू, हा कायदा मला पाठ होता. पण घाईत पाठ असलेलंच विसरतं. पाणी वरून पडलं नाही की बाजूनं वाहत आलं नाही. जमिनीनं फक्त मत बदललं. ओटिलीचं रान, अर्बनचं हॉटेल, पोस्ट, बँक, सगळं तळं झालं. चर्चचे दोन मनोरे तेवढे वर, त्यातल्या एकावर फादर वेंडेलिन सरबत पीत बसलेले. रानबदकांनी पोस्टाच्या पायऱ्या सोडल्या आणि इतका वेळ धीर धरल्याचं चीज झालं अशा तोंडानं ती पोहायला लागली. केंद्र टेकडीवर म्हणून आमच्याकडं गुडघ्यापर्यंतच आलं.

तेवढ्यात तिघांची समिती आली. पँटी वर दुमडलेल्या, बूट हातात. क्रॅनशॉ नवा टाय लावून पुढं झाला. मी रेघा काढल्या. लाल आणि निळी अशा एकमेकींवर बसल्या होत्या, की मधे नख शिरू नये. न बसून काय करतील? दोन्हींचा बाप एकच.

"वा!" समितीचा म्हातारा म्हणाला. "इतकं जुळलेलं मी कुठंच पाहिलं नाही."

दुसरी एक बाई होती, तिच्या पायाजवळून मासा गेला. ती म्हणाली, "इथं जरा दमट आहे का हो?"

"मॉडेलही तेच म्हणतंय," क्रॅनशॉनं सांगितलं.

तिघांनी माना डोलावल्या, तिथंच त्याला मोठी खुर्ची कबूल केली, आणि नावेत बसून एअरपोर्टकडं निघाले. नाव कुठून आली, हे त्यांनी विचारलं नाही. पाहणी फक्त मॉडेलची होती.

मी ओटिलीला म्हणालो, "घे. तुझं तळं. केवढं मोठं करून दिलं बघ."

"मोठं घेऊन काय करू?" ती उसळली. "मला दुसरा काठ लांब दिसेल इतकं नको होतं. माझे मासे एव्हाना पार विचिटा शहराच्या वाटेला लागले असतील. माझं होतं तेवढं दे. आणि यांचं गाव यांना दे."

आता खरी कसोटी. अख्ख्या चौकोनाला गवत म्हणावं तर तळं जाणार, पाणी म्हणावं तर गाव जाणार. तळ्यापुरता वेगळा इवला चौकोन पाहिजे होता, आणि तसला ठेवायला जागा एकच, तिथं साहेबाचे गुलाब. मी एक क्षणही थांबलो नाही. बंगल्याचा चौकोन उचलला, गुलाबांसकट फेकून दिला, आणि त्या जागी ओटिलीचं तळं बसवलं. मोठ्या चौकोनाला पुन्हा गवत केलं. थोडं घोटलं. पाणी खाली बसलं, गाव वर आलं, आणि तेव्हा मी वायर उपटली. अर्बन, आजही तू दर मे महिन्यात हॉटेलच्या छपरावर गवत कापायला चढतोस, ते कुठून आलं असं वाटतं तुला?

"पक्ष्यांनी बी टाकलं," अर्बन म्हणाला. पण त्यानं एकदा वर पाहिलं.

संध्याकाळी क्रॅनशॉ घरी गेला. बंगल्याचा चौकोन गेल्यावर त्याची जमीन शेजारच्या मोठ्या चौकोनात मिसळली होती, आणि त्याचंही नाव होतं 'आखूड गवत'. रस्ता नेहमीच्या ठिकाणी वळला, आणि वळून कुठंच गेला नाही. बंगला नाही. वाफे नाहीत. साहेब हातात किल्ली घेऊन माळावर उभा.

"थांब, थांब," अर्बननं बोट वर केलं. "आमचं गावही गवतच होतं. ते नाही गेलं, मग त्याचा बंगला कसा गेला?"

"आपल्या गावाला बरीच वर्षं गवत म्हणून घ्यायची सवय होती. बंगल्याला सवय नव्हती."

अर्बननं बोट खाली घेऊन पुन्हा कप पुसायला घेतला.

आणि सांगतो, त्या माणसानं काय करावं? आरडाओरडा केला नाही. पोलिसांना बोलावलं नाही. सगळीकडं नीट पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "बरोबर आहे. मॉडेलप्रमाणं इथं घर नाहीच." समाधानानं गवतावर आडवा झाला, झोपला, आणि सकाळी दवानं ओल्या झालेल्या कपड्यांना त्रुटी म्हणत पूर्वेकडं आपल्या मोठ्या खुर्चीवर निघून गेला. तिथं आता तो पुढच्या शंभर वर्षांचं हवामान सांगतो. लोक टिपून घेतात.

आणि ओटिलीला तिचं तळं मिळालं. पाणी उतरल्यावर टबात, पिंपात, सुपाच्या भांड्यात जेवढे मासे उरले होते तेवढे तिनं परत सोडले, आणि पुढच्या उपवासात दर शुक्रवारी तुम्ही सगळ्यांनी ते बोटं चाटून खाल्ले. मी काही उपकार मोजत नाही. पण एक सांगतो, त्या तळ्यात आणि आधीच्या तळ्यात केसाएवढाही फरक नव्हता. जसं होतं तसं, मी तिच्या हातात ठेवलं.

खुर्ची करकरली. ओटिली पहिल्यांदाच आमच्याकडं वळली. दोन्ही हात पिठानं पांढरे.

"खोटं!" ती गरजली. "साफ खोटं! वर्षं फिरवलीस, मी बोलले नाही. गाव बुडवलंस, बोलले नाही. पण जसं होतं तसं? माझं तळं गोल होतं, अल्फॉन्स लायकर, गोल! तू आणून दिलंस त्याला चार कोपरे आहेत, आणि कोपऱ्यात शिरलेल्या एकाही माशाला अजून वळता येत नाही!"